हेड्याने निवडलेली बंद गाडी

मुरबाडच्या कोर्टात मी वकिली सुरू केली तेव्हा माझं भांडवल एवढंच होतं: एक काळा कोट आणि एक मोठा आवाज. पुढे बरे दिवस आले आणि मी मोटार घेतली. त्या दिवसापासून माझ्या आवाजाची मातब्बरी संपली. गाडी माझ्याहून मोठ्याने बोले, आणि पक्षकार नसला तरी बोले.

गाडी उघडी होती. वर कापडाचा टप आणि बाजूला देवाची कृपा. टप उन्हात तापे, पावसात गळे आणि वाऱ्यात फडफडे. म्हणजे तिन्ही ऋतूंत त्याचं अस्तित्व जाणवे, तेवढं सोडून उपयोग काही नसे. जंगलाचा ठेका घेणाऱ्या एका गृहस्थाकडून मी ती घेतली होती. गाडी देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, माणूस हळवा आहे. सहा महिन्यांनी लक्षात आलं की ते सुटकेचं पाणी होतं.

ती सुरू करायची म्हणजे पुढून हँडल मारायचं आणि मागून ढकलायची. माझ्या घरापासून कोर्टापर्यंत बाजारपेठेतले चार जण ठरलेले होते. त्यात एक शिंपी होता, एक तेली, एक भुसारी आणि एक असा, जो बाकी काहीच करत नसे. बाहेरगावचा माणूस हे दृश्य बघून थक्क होई. वकील गाडीत बसलेला, मागे चौघे घाम गाळत धावतायत, सगळे ओरडतायत. एकदा एका नव्या मामलेदाराला वाटलं की माझी मिरवणूक निघाली आहे. त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून मला नमस्कार केला. मीही केला. खुलासा करायला गाडी थांबवावी लागली असती, आणि थांबलेली गाडी पुन्हा कोण सुरू करणार?

माझ्या बायकोचं माहेर शहापूरचं. भाताची जमीन, बऱ्यापैकी घर, आणि तिघी बहिणींत ही थोरली. सासरे लवकर गेले. विधवेने कन्यादानाला बसायचं नाही अशी आमच्याकडे रीत. ती कुणी काढली मला ठाऊक नाही, पण काढणारी विधवा नसणार एवढं नक्की. म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांच्या मागे लगेच सांगून ठेवलं होतं की धाकट्या दोघींचं कन्यादान थोरली आणि थोरला जावई करतील. बायकोने ते बापाच्या जागी उभं राहणं मानलं होतं. त्या विषयावर तिच्यापुढे विनोद चालत नसे. मी एकदा करून पाहिला होता.

मधलीच्या लग्नाला आम्ही पहाटेच निघालो. वेळेवर निघण्यात माझा हात धरणारा ठाणे जिल्ह्यात कुणी नव्हता. प्रश्न नेहमी पोचण्याचा असे. सरळगाव मागे टाकलं, किन्हवलीच्या वाटेवर काळू नदीच्या उतारात आलो, आणि वाळूत गाडीने बसकण मारली. मी हँडल मारलं. बायकोने शालू खोचून मागून ढकललं. जवळच्या वाडीतला एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला, त्याने गाडी काठावर ओढून काढली आणि तिथेच सोडली, कारण तिथून पुढे चालायची तिची इच्छा नव्हती. शेवटी कोळशाच्या गोणींनी भरलेल्या एका बैलगाडीत बसून आम्ही शहापूर गाठलं. मांडवात दुसरी पंगत बसत होती. बायकोचा शालू घरून निघताना अंजिरी होता. पोचला तेव्हा त्याचा रंग माझ्या कोटाशी जुळत होता.

कन्यादान सासऱ्यांच्या एका चुलतभावाने उरकलं होतं. हे चुलतकाका उपकार करून विसरणाऱ्यांतले नव्हते. पुढे प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला, दहाव्यालासुद्धा ते चार माणसांत सांगत, "मी व्हतो म्हनून पोर उजवली. नायतर थोरला जावय नदीत कोळसा विकीत बसलेला!"

बायको मला यावर एक शब्दही बोलली नाही. चार वर्षं, दिवसातून दोनदा, जेवताना नेमाने, ती तो शब्द बोलली नाही.

मग धाकटीचं ठरलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षाचा वैशाख, मुहूर्त सकाळी अकराचा, नवरा मुलगा भिवंडीकडचा. पत्र वाचून बायकोने ते घडी करून देवापुढे ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"ही शेवटची हाय," ती म्हणाली. "तिच्यामागं उजवायला कोन नाय."

"चार दिवस आधीच जाऊन राहू," मी म्हणालो.

"लगनाच्या आदल्या दिसाला तुमची कोर्टात तारीख हाय. कागद मीच बगितला."

"मग तू पुढे जा. मी मागून येतो."

"मी एकटी बैलगाडीनं पन जाईन," ती म्हणाली. "पन कन्यादानाला एकटी बाय चालत नाय. तेवढ्यापुरतं तुमी लागता."

संसाराच्या पंधराव्या वर्षी आपली नेमकी किंमत कळणं ही मोठी गोष्ट आहे. आगगाडीने जा, असं सुचवणारे पुष्कळ भेटले. पण आगगाडी कल्याणला, आणि कल्याणपर्यंत न्यायला पुन्हा हीच गाडी. तेव्हा मी जाहीर केलं की आता दुसरी गाडी घेणार: चार दारांची, बंद, वर पत्र्याचं छप्पर असलेली, जिला मुंबईचे लोक सेडान म्हणतात. भरवशाची आणि बसायला आरामाची. हे मी बाजारपेठेत इतक्या मोठ्याने सांगितलं की माझे ढकलणारे चौघे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता गाडी निवडायची कशी? मोटारीतलं मला एवढंच कळत होतं की ती रंगाने छान असावी. गावात मोटारीचा जाणकार कुणी नव्हता. जाणकार होता तो बैलांचा.

हा माझा एक जुना पक्षकार. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल. म्हसा गावच्या यात्रेत याच्या शब्दावर बैलजोड्या इकडच्या तिकडे होत. अंगात बंडी, खांद्यावर उपरणं, हातात चाबूक. चाबूक तो देवळातसुद्धा बरोबर नेई. मी मोटार घेणार हे ऐकून तो आपण होऊन आला.

"वकीलसाब, एकलं जाऊ नका. तुमी बोलनारं मानूस. बोलनाऱ्याला बैल लगेच गळ्यात मारतात."

"अरे पण बैल नाही, मोटार घ्यायची आहे."

"वडायचाच धंदा ना? मंग तेच ते. आनि वयनींना बरुबर घ्या. घरच्या बाईनं बगितल्याबिगर खुट्याला दावं बांधायचं नाय."

मला हसू आलं. बायकोला आलं नाही. "यांचं बरुबर हाय," ती म्हणाली. "मागच्या येळंला मला विचारलं नव्हतं."

आम्ही तिघे मुंबईला गेलो. जुन्या मोटारी विकणाऱ्या एका दुकानदाराचा पत्ता मला कोर्टातल्या एका स्नेह्याने दिला होता. दुकानदार पांढऱ्या सुटात होता, केस चोपडलेले, बोलणं त्याहून चोपडलेलं. मला त्याने पाच मिनिटांत जिंकलं. आत शिरताच समोर एक तांबडी लाल गाडी उभी होती, चांदीसारख्या पट्ट्यांची, आरशासारखी लखलखीत. तिच्यात मला माझं तोंड दिसलं आणि ते नेहमीपेक्षा बरं दिसलं. मी मनातल्या मनात ती घेऊनसुद्धा टाकली.

हेडी गाडीकडे बघेचना. तो जमिनीकडे बघत होता. खाली वाकून त्याने गाडीखाली टाकलेली रेती चाबकाच्या दांड्याने उकरली.

"ही रेती कशाला टाकली?"

"स्वच्छतेसाठी," दुकानदार म्हणाला.

"आमच्याकडं बैलाखाली राख टाकतात," हेडी म्हणाला. "हगवन झाकायला."

रेतीखाली तेलाचं हातभर थारोळं होतं. दुकानदार म्हणाला, नवीन तेल भरलं की थोडं सांडतंच. हेडी म्हणाला, "रंगवलेली शिंगं बगायची नायत, वकीलसाब, खूर बगायचा," आणि पुढच्या गाडीकडे गेला.

ही हिरवी होती, विलायती, अंगाने आटोपशीर. मी म्हणालो, चालवून बघू या. हेडी म्हणाला, चालायला कुठलाही बैल चालतो. बसलेला उठतो का ते बघायचं. "बसवा तिला," त्याने दुकानदाराला हुकूम केला. दुकानदाराने इंजिन बंद केलं. "आता उठवा." दुकानदाराने बटण दाबलं, इंजिन सुरू झालं. "बसवा. उठवा. बसवा. उठवा." आजूबाजूला गर्दी जमली. पाचव्या खेपेला गाडी खाली बसली ती उठलीच नाही. दुकानदाराने घाम पुसला आणि म्हणाला की दिवसातून पाच वेळा गाडी बंद करण्याची सभ्य माणसाला गरज पडत नाही.

"आमच्या रस्त्यावं सभ्यपना किन्हवलीपातूर टिकत नाय," हेडी म्हणाला.

तिसरी काळी, अमेरिकन, एखाद्या दिवाणखान्याएवढी. हिच्याखाली रेती नव्हती आणि सात वेळा बसवली तरी ही सातही वेळा उठली. दुकानदाराने दार उघडून बायकोला आत बसवलं. ती मागच्या गादीवर बसली आणि दिसेनाशी झाली. गादी इतकी खोल होती की फक्त अंबाडा वर राहिला. नऊवारी सावरत बाहेर यायला तिला माझा हात लागला, हेड्याचा चाबूक लागला आणि दुकानदाराचा धीर लागला.

"आराम म्हणजे काय असतो हे या गाडीत कळतं," दुकानदार म्हणाला.

"कळला," बायको म्हणाली. "ढकलायला चार मानसं लागायची ती वाचली, आनि उतरवायला दोन वाढली. लगनात मी काय पाळन्यातून उतरायचं?"

संध्याकाळ झाली. दुकान बंद करायची वेळ आली. मी अजून त्या तांबडीकडे वळून वळून बघत होतो, आणि रेतीबद्दल दुकानदाराने दिलेला खुलासा मला हळूहळू पटायलाही लागला होता. दुकानदाराने आम्हाला उद्या यायला सांगितलं, कुलूप लावलं आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका गाडीत जाऊन बसला. गाडी मातीच्या रंगाची होती. मातीचा रंग दिला होता की नुसतीच माती होती ते सांगता आलं नसतं. पण बंद होती, चार दारांची होती, आणि त्याने बटण दाबताच ती अशी सुरू झाली की आम्ही तिघे आवाज यायची वाट बघत राहिलो.

हेडी धावला आणि गाडीपुढे आडवा उभा राहिला.

"ही केवढ्याला?"

"ही विकायची नाही. ही माझी आहे."

"मंग हीच," हेडी म्हणाला.

म्हसा गावच्या यात्रेतला हा जुना नेम मला नंतर कळला. हेड्याने विकायला बांधलेल्या बैलांकडे गिऱ्हाइकाने बघू नये. त्याच्या स्वतःच्या गाडीला जुंपलेली जोडी असते ती बघावी. यात्रा संपल्यावर हेड्यालाही घर गाठायचं असतं, आणि घर गाठायला कुणी लबाड बैल जुंपत नाही. हा नेम दुसऱ्या हेड्याखेरीज कुणाला ठाऊक नसतो, आणि एक हेडी दुसऱ्याला तो कधी सांगत नाही. मुंबईच्या दुकानदाराला तर आपण हेडी आहोत हेच त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तो नाही म्हणाला. मग तो पुन्हा नाही म्हणाला. तेव्हा हेड्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, दुकानदाराच्या उजव्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत; कापडाखाली बोटं दाबून ठरवतात. दुकानदाराला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो पांढऱ्या सुटात, भर रस्त्यात, एका बंडीवाल्याच्या हातात हात देऊन लाजेने तांबडा होत उभा राहिला. हेडी मान हलवी, एक बोट दाबी, वर बघे. दुकानदार दरवेळी हात सोडवायला बघे आणि प्रत्येक झटका हेडी नवा भाव म्हणून धरी. असा सौदा झाला. सौदा झाला हे दुकानदाराला सगळ्यांत शेवटी कळलं.

"आणि मी घरी कसा जाऊ?" तो केविलवाणेपणाने म्हणाला.

"ती तांबडी हाय की," हेडी म्हणाला. "तुमीच सांगितलं, लई चांगली हाय म्हनून."

बायको तोवर मागच्या दाराने आत बसली होती. तिने दार लावून घेतलं, काचा वर केल्या आणि डोळे मिटले. जरा वेळाने काच खाली करून म्हणाली, "गादी बरी हाय. पाय टेकतात. धूळ येत नाय. काच खाली केली का तुमचं बोलनं ऐकू येतं, तेवढाच दोष हाय."

मातीच्या रंगाची गाडी घेऊन आम्ही मुरबाडला आलो तेव्हा गावाची घोर निराशा झाली. गावाने तांबडी ऐकली होती. ऐकवली मीच होती. शिंपी गाडीभोवती फिरून म्हणाला, "वकीलसाब, ही धुवून बगा, आत दुसरा रंग असंल." कोर्टात मी आलेला कुणाला कळेना. पूर्वी माझी गाडी बाजारपेठेच्या टोकाला असतानाच पट्टेवाला न्यायाधीशांना सांगे, वकील निघालेत. आता मी समोर उभा राहिलो तरी लोक दाराकडे बघत. जुनी गाडी विकायची मी गोष्ट काढली, तर हेड्याने कानांवर हात ठेवले. म्हातारा बैल विकणं पाप. म्हणून ती गोठ्यात राहिली. तिच्या मागच्या गादीवर आमच्या कोंबड्या अंडी घालत, आणि ती गाडी वेळेवर काही देते आहे असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. बायकोने तोच अंजिरी शालू नेसला होता. चार वर्षांत धुऊन धुऊन तो पुन्हा अंजिरी झाला होता, पण पदराच्या एका कोपऱ्यात कोळशाची सावली राहिली होती, आणि ती बाजू तिने मुद्दाम माझ्याकडे ठेवली. हेडी माझ्या शेजारी, हातात चाबूक. आपण निवडलेलं जनावर पहिल्या खेपेला दुसऱ्याच्या हाती सोडायचं नाही हा त्याचा नियम. बायको मागे इतकी ताठ बसली होती की गादीचा आराम फुकट चालला होता.

काळू नदीचा उतार आला. पलीकडच्या काठावर तो वाडीतला शेतकरी बैलजोडी घेऊन तयार उभा. शहापूरला लग्न आहे हे त्याला कळलं होतं, आणि माझ्या बाबतीत पुढचं त्याला कळवावं लागत नसे. गाडी वाळूत उतरली, उथळ पाण्यातून सरसर गेली आणि त्याच्यापर्यंत पोचली.

"थांबनार नाय?" तो दुखावून म्हणाला. त्याने बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधली होती.

आता शहाण्या माणसाने हसून पुढे जायचं. पण मी चार वर्षं या जागेची थट्टा सोसली होती. मी थांबलो. नुसता थांबलो नाही. ऐटीत इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि त्याला तब्येत विचारली. अर्धी चाकं अजून वाळूत होती. आरशात बायकोचं तोंड दिसलं, आणि मला एकाएकी आठवलं की आपण कशासाठी निघालो आहोत.

मी बटण दाबलं. काही झालं नाही.

शेतकरी उत्साहाने दोर सोडवू लागला. मी पुन्हा दाबलं. आतून एक खोकला आला आणि गेला. बायकोने पुढे वाकून हेड्याला विचारलं, "सात येळा उठवली व्हती का हो हिला?"

"नाय, वयनी," हेडी खाली मान घालून म्हणाला. "हिला नाय उठवली. मालकाची व्हती म्हनून इस्वास ठेवला."

मी डोळे मिटून तिसऱ्यांदा दाबलं. गाडी उठली. हेड्याने जन्मात पहिल्यांदा चाबूक हातातून खाली ठेवला. पुढे शहापूरपर्यंत मी कुणाची तब्येत विचारली नाही.

शहापूरच्या वेशीवर मारुतीचं देऊळ आहे. नवरदेव आला की तिथे सामोरं जायचं, पाय धुवायचे, नारळ द्यायचा, मग वाजत गाजत मांडवात न्यायचं. भिवंडीचा नवरदेव मोटारीने येणार हे गावभर झालं होतं. सामोरं जायला उभे होते आमचे चुलतकाका: कोरं धोतर, नवं उपरणं, हातात तांब्या. नंतर कळलं की त्यांनी कन्यादानासाठीच अंघोळ करून उपास धरला होता, काकूलाही धरायला लावला होता. सासूबाईंनी नको म्हटलं, तर म्हणाले, "थोरला जावय येनार म्हंजे आवाज किन्हवलीपासनं येतो. आला का आवाज? नाय ना? मंग मी हाय."

त्यांचे कान आमच्या वाटेकडे होते आणि डोळे भिवंडीच्या. आणि आमची बंद गाडी, काचा वर, चूं नाही की चां नाही, नऊच्या सुमारास मारुतीसमोर येऊन उभी राहिली.

"आला! नवरा आला! वाजवा रे!" काका ओरडले.

सनई-ताशा एकदम सुरू झाला. दहा माणसांनी गाडीला वेढा घातला. कुणी बॉनेटला कुंकू लावलं, कुणी माझ्यासमोरच्या काचेवरच तांदूळ टाकले. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण ताशापुढे माझ्या मोठ्या आवाजाची डाळ शिजली नाही. काका मागच्या दाराशी उकिडवे बसले, दार उघडलं, आणि नवरदेवाचा पाय बाहेर आला तशी मान खाली घालून, मोठ्या भक्तीने, त्यावर तांब्यातलं पाणी सोडलं.

पायात जोडवी होती.

काकांचा हात थांबला. जोडव्यांवरून नजर अंजिरी काठावर गेली, काठावरून हळूहळू वर चढली.

"धुवा की, काका," बायको म्हणाली. "थांबलात कशापायी? दुसरा राहिला."

ताशा तेवढ्यात दम घ्यायला थांबला होता. त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, आणि ज्यांना गेलं नाही त्यांना पुढची वीस वर्षं सांगायला हेडी तिथे हजर होता.

"पोरी, तू?" काका म्हणाले. "आवाज नाय आला तो?"

"आवाज मुरबाडला ठेवला," ती म्हणाली. मग खाली उतरली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. चांगली सावकाश पडली, वेशीवरच्या प्रत्येक माणसाला मोजून बघता येईल अशी. काकांना आशीर्वाद देण्यावाचून गती नव्हती. तिने त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला, देवळामागच्या विहिरीवर जाऊन भरून आणला, आणि जरा वेळाने खरा नवरदेव खऱ्या मोटारीतून आला तेव्हा त्याच्या पायांवर पाणी घालायला तीच उभी होती. काका मागे उभे राहून ज्याला त्याला सांगत होते, "मी पुढं व्हतो म्हनून थोरलीला येळंवर उतरवून घेतली."

अकराला मांडवात आम्ही दोघे पाटावर बसलो. धाकटीचा हात माझ्या हातात, खाली नवऱ्या मुलाची ओंजळ, आणि वरून बायकोने तांब्याची धार धरायची. समोर खांबाला टेकून सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला होता. नदीत, वेशीवर, दुकानात कुठेही बायको डगमगली नव्हती. आता तिच्या हातातली धार वाकडी होऊन माझ्या धोतरावर पडत होती.

मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. अशा वेळी मला नेहमी तसंच वाटतं. मी घसा साफ केला.

"गप ऱ्हावा," ओठ न हलवता बायको म्हणाली. "आता कुठं शांत झालंय."

मी गप्प राहिलो. तिने दुसरा हात तांब्याला लावला, आणि धार सरळ झाली.